भाच्याचं गॅरेज आणि बाळाच्या रक्तातलं शिसं



गेल्या दोन लेखांत आपण रक्तक्षयाबद्दल बोललो. लोहाच्या गोळ्या केव्हा घ्यायच्या, चहासोबत का घ्यायच्या नाहीत, आपल्या विदर्भात सिकलसेलची तपासणी का करून घ्यायची, हे सगळं झालं. आजचा विषयही रक्ताचाच आहे. पण तो माझ्या स्वतःच्या घरातून सुरू होतो आणि एका जुन्या पेशंटपाशी येऊन थांबतो. त्या पेशंटच्या बाबतीत मी काय विचारायचं राहून गेलो, तेही सांगणार आहे.

एका रविवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. डॉक्टरच्या घरी या वेळी आलेला फोन बहुधा छातीत दुखण्याचा असतो. हा टेक्सासहून होता, माझ्या भाच्याचा. तिकडे शनिवारची संध्याकाळ. घरात आम्ही त्याला छोटू म्हणतो. वय ३४, स्वतः बाप झालेला, तरी छोटूच. (त्याच्या आणि सूनबाईच्या परवानगीनं लिहितोय.)

"मामा, बाळाच्या रक्तात लेड निघालंय. पहिल्यांदा बोटातून घेतलं तेव्हा १४ होतं. मग शिरेतून घेतलं तर ११."

बाळ १३ महिन्यांचं. हसतंय, खातंय, भिंत धरून उभं राहतंय. वर्षाच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरांनी इतर रक्तासोबत ही चाचणी केली, म्हणून कळलं. नाहीतर कुणालाही कळलं नसतं.

हा आकडा काय सांगतो ते आधी समजून घ्या. रक्तातलं शिसं मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात मोजतात. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेनं २०२१ पासून मुलांसाठी ३.५ ही खूण ठरवली आहे. त्याच्या वर आकडा गेला की घरात शिसं कुठून येतंय ते शोधायचं. ३.५ च्या खाली सगळं सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. शिशाची अमुक पातळी निर्धोक आहे असं कुणीही दाखवू शकलेलं नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. शरीराला लोह लागतं, जस्त लागतं, तांबंही थोडं लागतं. शिशाचा मात्र शरीरात काहीएक उपयोग नाही.

बोटातून १४ आणि शिरेतून ११ असा फरक का पडला, असं छोटूनं विचारलं. बोटावरच शिशाची धूळ असेल तर सुईच्या थेंबात तीही मिसळते आणि आकडा फुगतो. म्हणून शिरेतल्या रक्तानं खात्री करतात. हे मी त्याला समजावून सांगितलं. मग बाळाच्या बोटावर धूळ आली कुठून, हा पुढचा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. पडला नाही.

मी नेहमीच्या यादीवर गेलो. घर किती जुनं आहे? अमेरिकेत १९७८ मध्ये घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली, त्याआधीच्या घरांत रंगाचे पोपडे हे मोठं कारण असतं. पण याचं घर २०१६ चं. मग मसाले, हळद, कुंकू, काजळ, सुरमा, बाळगुटी, भस्म. तिथल्या आरोग्य खात्याच्या प्रश्नावलीतही नेमकं हेच होतं, आणि ते चुकीचं नाही. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचा क्रोमेट मिसळण्याची भेसळ होते. काही सिंदुरांत शिशाचा लाल ऑक्साइड सापडलेला आहे. पारंपरिक सुरमा तर मुळात शिशाच्याच खनिजापासून करतात.

आता हळद, तिखट, कुंकू आणि काजळाची डबी हे सगळं यवतमाळहून माझ्या ताईनंच पाठवलेलं. सूनबाईनं त्याच दिवशी सगळे डबे कचऱ्यात टाकले. तिची चूक म्हणता येणार नाही, आई घाबरली की असंच करते. पण ताईला ते कळलं आणि ती दुपारी माझ्याकडे येऊन बसली. "माझ्या हळदीनं नातवाच्या अंगात विष गेलं का रे?" तिनं तीनदा विचारलं. ती हळद ताईनं स्वतः हळकुंडं आणून, शिजवून-वाळवून घेतलेल्या माणसाकडून घेतली होती आणि समोर दळून आणली होती. मी म्हटलं, "तपासल्याशिवाय काही बोलू नको." तिनं जेवण केलं नाही.

पुढचे दहा दिवस त्या दोन घरांत जे ताणतणाव झाले ते इथे लिहीत नाही. हळदीचा उरलेला नमुना ताईच्या डब्यातून मी तपासायला पाठवला. त्यात काही निघालं नाही. काजळाच्या डबीतही नाही.

दरम्यान एका रात्री छोटूनं व्हिडिओ कॉल केला. बाळ झोपलं होतं, बोलण्याचा आवाज नको म्हणून तो गॅरेजमध्ये जाऊन बसला. त्याच्या मागे भिंतीला लागून एक लांब लाकडी टेबल दिसत होतं. टेबलावर काचेची बरणी, आणि बरणीत सोन्यासारखं काहीतरी चकाकत होतं.

"ते काय रे?"

"अहो, पुंगळ्या आहेत त्या. माझं रिलोडिंग."

आपल्याकडे फारसं ठाऊक नसलेला हा छंद थोडा समजून घ्यावा लागेल. बंदुकीचं काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेली छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला की टोपी पेटते, टोपीमुळे दारू पेटते, गोळी पुढे जाते. दारू संपते, गोळी जाते, टोपी निकामी होते. पुंगळी तेवढी उरते. ही पुंगळी साधारण ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त अशा पितळेची असते आणि पुन्हापुन्हा वापरता येते. अमेरिकेत नेमबाजीची आवड असलेले पुष्कळ लोक रेंजवरून आपल्या पुंगळ्या वेचून आणतात, घरी साफ करतात आणि पुन्हा भरतात. स्वतःच्या वापरापुरतं हे तिथे कायदेशीर आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा कुणी हे वाचून हात लावू नका. पुंगळ्या बनवण्याचं काम आपल्या राज्यात सरकारी कारखान्यांत चालतं, खडकीला १८६९ पासून आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला. माझ्या एनसीसीच्या दिवसांत फायरिंग झालं की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागत. एक कमी भरली की आख्खी रांग गुडघ्यावर बसून गवत चाचपायची. त्यामुळे बरणीभर पुंगळ्या घरात पाहून मला आधी पोलीसच आठवले.

छोटू मात्र खुशीत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला होता, म्हणून मीही त्याला बोलू दिलं. त्यानं एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. रायफलीची पुंगळी उडताना आतल्या प्रचंड दाबानं पितळ पुढच्या बाजूला सरकतं आणि पुंगळीची मान दरवेळी किंचित लांब होते. ती फार लांबली तर नळीच्या आत तिचं तोंड अडकतं, गोळी आवळली जाते आणि दाब धोक्याच्या पलीकडे जातो. म्हणून व्हर्नियर कॅलिपरनं प्रत्येक पुंगळी मोजायची. त्याच्या .२२३ च्या पुंगळीची कमाल लांबी ४४.७० मिलिमीटर, तो ती ४४.४५ वर आणतो. म्हणजे पाव मिलिमीटरचा हिशेब! हाताने फिरवायचं एक छोटं यंत्र, त्यात पुंगळी घट्ट बसवायची, पातं फिरवलं की पितळेची केसासारखी चकचकीत तार निघते. मग तोंडाची बर काढायची, आतून एकदा, बाहेरून एकदा. आपल्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याला दाखवलं तर तो खूश होईल असं नेटकं काम. हजार पुंगळ्या, प्रत्येकीला तीन-चार वेळा हात.

"आणि इतक्या चकाकतात कशा?" मी विचारलं.

त्यानं कॅमेरा खाली वळवला. जमिनीवर बादलीएवढं एक भांडं, खाली मोटर. त्यात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा. पुंगळ्या त्यात टाकायच्या, भांडं तीन-चार तास थरथरत राहतं, भरडा घासून घासून पितळ उजळवतो. नंतर सगळं चाळणीवर ओतायचं. त्याची आजी, म्हणजे माझी आई, दिवाळीच्या आधी पितळेचा गुंड आणि गंगाळ चिंच-राखेनं घासायची, त्याचंच हे अमेरिकन रूप.

"चाळतोस कुठे?"

"इथेच. थोडी धूळ उडते, पण दार उघडं ठेवतो."

त्या भांड्याच्या शेजारी कपडे धुण्याचं मशीन होतं. मशीनवर बाळाच्या दुपट्यांची घडी.

मंडळी, शिसं कुठे आहे ते आता बघा. पितळेत ते नगण्य. कापलेल्या पितळेच्या तारेतही नाही. ती जड असते, टेबलावर पडते, डोळ्याला दिसते. शिसं आहे ते टोपीत. बहुतेक काडतुसांच्या टोपीत शिशाचं एक संयुग असतं, लेड स्टिफ्नेट. ते पेटलं की त्याची वाफ होते आणि लगेच गार होऊन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पुंगळीच्या आत काजळीसारखी बसते. गोळीच्या उघड्या बुडातूनही थोडं शिसं झडतं. म्हणजे रेंजवरून आणलेली प्रत्येक पुंगळी ही शिशाच्या काजळीची एक छोटी डबी असते. जुनी टोपी काढली की ती काजळी सुटते. थरथरणाऱ्या भांड्यात भरडा ती काजळी खरवडून स्वतःत घेतो. आणि चाळताना जी 'थोडी धूळ' उडते, त्यात तीच असते. टोपीची खाच खरवडताना, पुंगळी बोटांत फिरवताना तीच बोटांवर येते. रंग करडा, वास नाही, चव नाही. पुंगळी जितकी चकाकते तितकी ही घाण दुसरीकडे कुठेतरी गेलेली असते.

आणि ती कुठे जाते? बापाच्या हातावर, चड्डीवर, मोज्यांवर, मोबाइलवर. धुण्याच्या मशीनवर. तिथून घरातल्या गालिच्यावर. गालिच्यावर रांगतं कोण, आणि दर मिनिटाला हात तोंडात घालतं कोण, हे सांगायला नको.

मोठा माणूस शिसं गिळला तर त्यातलं साधारण दहावा हिस्सा रक्तात घेतो. लहान मूल निम्म्यापर्यंत घेऊ शकतं. त्यातून बाळाच्या अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त, कारण आतड्यात लोह आत घेणारी जी वाट आहे तिच्यातूनच शिसं घुसतं. लोह भरपूर असलं की वाटेवर गर्दी होते, शिशाला जागा मिळत नाही. कॅल्शियमचंही तसंच. रक्तात गेलेलं शिसं महिनाभरात अर्ध्यावर येतं, पण ते सगळं बाहेर पडत नाही. बरंचसं हाडांत जाऊन बसतं, कॅल्शियमच्या जागी. तिथे त्याचा मुक्काम २०-३० वर्षांचा. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम सुटतं तेव्हा त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही सुटतं आणि वारेतून गर्भापर्यंत पोचतं.

मेंदू घडत असताना शिशाचा त्रास सर्वात मोठा. लक्ष लागणं, शिकणं, राग आवरणं यांवर परिणाम होतो. तेव्हा छोटूनं रडवेल्या आवाजात विचारलं, "मामा, आता याचा आयक्यू कमी होणार का?" हा प्रश्न इथेही कुणाला पडू शकतो म्हणून मी त्याला दिलेलं उत्तर लिहितो. शिशाचे जे आकडे पुस्तकांत आहेत ते हजारो मुलांच्या सरासरीचे आहेत. एका मुलाचं भविष्य ११ या आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही. आकडा किती आहे यापेक्षा तो किती दिवस तसा राहतो हे जास्त महत्त्वाचं, आणि ते तुझ्या हातात आहे. मुलाशी बोला, त्याला खेळवा, गोष्टी सांगा, वाढीची तपासणी वेळेवर करा.

शिसं काढून टाकणारं औषध आहे, पण ते साधारण ४५ च्या वर आकडा गेला की देतात. ११ ला ते देऊन फायदा नाही, त्रास मात्र होऊ शकतो. ११ ला उपाय एकच, शिसं येणं थांबवायचं. हे ऐकून सूनबाईचा विश्वास बसेना. "म्हणजे औषध काहीच नाही?" तिच्या स्वतःच्या रक्तात ४ निघालं, छोटूच्या १९. ती बाळाला अंगावर पाजत होती. ते बंद करू का असंही तिनं विचारलं. इतक्या पातळीला बंद करायचं कारण नाही, असं तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. छोटूला सहा महिने डोकं दुखायचं आणि पोट साफ होत नसे. तो ते कामाच्या ताणावर ढकलत होता.

आता थोडं माझ्याबद्दल. छोटूला हा नाद अमेरिकेतच लागला असं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

माझ्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. परवान्याची, पीक राखायला. आर्णीच्या बाजूला आमचं वावर होतं आणि रानडुक्कर, रोही तुरीत घुसले की रात्रीत वाटोळं करत. ठासणीच्या बंदुकीला पुंगळी नसते. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी ठासायची, वर छर्रे. छर्ऱ्यांसाठी बाबा शिसं घरीच वितळवत. हिवाळ्यात, चुलीवर, लोखंडी पळीत. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे चुलीच्या निखाऱ्यावर सहज. चांदीच्या पाण्यासारखं डुलणारं ते शिसं पाहायला आम्ही भावंडं चुलीभोवती दाटी करून बसायचो. वर जमलेली करडी साय बाबा काडीनं बाजूला सारत आणि चुलीच्या कडेला झटकत. त्याच चुलीवर मग भाकरी. थंड झालेले छर्रे मोजायचं काम माझं. मी ते तोंडात धरून मोजत असे, कारण हातात मावत नसत. छोटूनं लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून याच गोष्टी ऐकल्या. टेबलावर पुंगळ्या ओळीत मांडताना त्याला आजोबा आठवतात असं तो म्हणाला, आणि मला त्यावर काही बोलता आलं नाही.

शिशाचं हे सगळं मी एमडी करताना वाचलेलं होतं. हिरड्यांवरची निळसर रेघ, मनगट लुळं पडणं, पोटातल्या कळा, लाल पेशींतले निळे ठिपके. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले. पण चुलीजवळचा तो मी आणि पुस्तकातला तो रोगी यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नव्हती.

आणि म्हणूनच बहुधा तो मुलगा माझ्या हातून सुटला.

पंधराएक वर्षं झाली असतील. चारेक वर्षांचा मुलगा, आई घेऊन यायची. पोट दुखतं, शौचाला होत नाही, खात नाही, चिडतो. हिमोग्लोबिन ७.८. मी जंताचं औषध दिलं, लोहाचं सिरप दिलं. महिन्यानं पुन्हा तेच. सिकलसेलची तपासणी केली, निगेटिव्ह. पुन्हा सिरप, पुन्हा जंताचं औषध. तिसऱ्या वेळी मी आईवर थोडा चिडलोसुद्धा, "औषध नीट देत नाही तुम्ही." ती काही बोलली नाही. त्यानंतर ते लोक आले नाहीत.

बाप काय करतो हे मी विचारलं होतं. "भंगाराचं काम आहे," आई म्हणाली होती. मी केसपेपरवर 'मजूर' असं लिहिलं आणि पुढे गेलो. भंगार म्हणजे काय? घरी आणून काय करता? जुन्या बॅटऱ्या फोडता का? नळाच्या तोट्या, पितळ, तांब्याच्या तारा वेगळ्या करताना काही वितळवता का? ते कुठे करता, पोरगं तेव्हा कुठे असतं? चार प्रश्न. दोन मिनिटंही लागली नसती. त्या मुलाला शिशाची बाधा होती असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, साधा रक्तक्षयही असेल. पण तपासलं नाही, कारण विचारलं नाही. छोटूच्या फोननंतर मी जुन्या वह्यांत त्याचा पत्ता शोधला. वस्तीचं नाव मिळालं. तिथे जाऊन आलो. आता तिथे दुकानांचे गाळे आहेत.

त्या दिवसापासून ओपीडीत माझा एक प्रश्न वाढला आहे. "तुमच्या घरात कोण हातानं काय काम करतं?" लोक आधी चमकतात, मग भरभरून सांगतात.

तुम्हीही हा प्रश्न आपल्या घराला विचारून बघा. यवतमाळ जिल्ह्यात पुंगळ्या घासणारा कुणी नसेल, पण शिसं भरपूर आहे. जुन्या बॅटऱ्या फोडणं आणि वितळवणं हे सगळ्यात वाईट. अंगणात तर मुळीच नको. रेडिएटर आणि मोटारींची डागडुजी, झाळकाम, छपाईचे जुने खिळे, मासेमारीच्या जाळ्याची वजनं. भांड्यांना कल्हई करताना कथलात स्वस्ताईसाठी शिसं मिसळलं जातं. ओळखीच्या कल्हईवाल्याकडून शुद्ध कथलाचीच करून घ्या, आणि त्याच्या धुरात पोरांना उभं करू नका. जुन्या दरवाजांचा रंग खरवडताना आधी ओला करा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली, पण घरातला दरवाजा आजोबांच्या काळातला असतो.

आणखी एक. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं, त्यानंतर एअर रायफल शिकायला जाणारी मुलं आपल्याकडेही वाढली आहेत. फार चांगला खेळ आहे, मुलांना जरूर पाठवा. त्यात दारू नसते, पण छर्रे बहुधा शिशाचेच असतात. माझ्यासारखे ते तोंडात धरायचे नाहीत. सराव संपल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. रेंजची जमीन कोरड्या झाडूनं झाडायची नाही.

वर्धा नदीपलीकडच्या पुलगावचं नाव काढल्याशिवाय हा विषय आपल्या भागात पूर्ण होत नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथे जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागी स्फोट होऊन ६ जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. शिशाची बाधा हळूहळू होते, हा धोका एका क्षणाचा. कुठल्याही माळावर, भंगारात पुंगळीसारखी, गोळ्यासारखी वस्तू दिसली तर ती रिकामी आहे की भरलेली हे आपल्याला कळत नाही. पितळेला भाव आहे म्हणून उचलू नका, कापू नका, तापवू नका. पोलिसांना कळवा.

बाकी, शंका असेल तर रक्ताची 'ब्लड लेड' तपासणी करता येते. यवतमाळला नमुना घेऊन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवतात. साध्या हिमोग्लोबिनच्या रिपोर्टात शिसं दिसत नाही. नमुना देण्याआधी हात साबणानं स्वच्छ धुवा.

छोटूनं काय केलं ते सांगतो. छंद सोडून दे असं मी म्हणालो नाही. सूनबाई म्हणाली, ते त्या दोघांनी ठरवावं. कोरडा भरडा त्यानं ओला करून, पिशवीत बांधून तिथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला. टेबल मागच्या अंगणातल्या वेगळ्या खोलीत गेलं. आता तो पुंगळ्या पाण्यात धुतो, म्हणजे धूळ उडत नाही; पण ते काळं पाणीही शिशाचंच, ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा बागेत ओतत नाही, साठवून केंद्रावर देतो. त्या खोलीचे कपडे आणि बूट वेगळे, तिथे पाण्याची बाटलीसुद्धा नेत नाही. काम झालं की हात धुऊन, अंघोळ करून मगच बाळाला घेतो. शिसं नुसत्या साबणानं पूर्ण जात नाही, त्यासाठी तिकडे खास पुसण्या मिळतात, त्या वापरतो. घरातला गालिचा काढला आणि फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली. बाळाचं फेरिटिन कमी होतं, त्याला लोह सुरू झालं. नाचणी, डाळी, अंडं, वर लिंबू किंवा संत्रं. दोन महिन्यांनी आकडा ८ वर आला, आठव्या महिन्याला ५. अजून ३.५ च्या वरच आहे. हाडांतून हळूहळू सुटत राहणार, घाई करता येत नाही. छोटूचा १९ वरून ९ झाला आणि डोकेदुखी गेली.

सूनबाईनं गेल्या महिन्यात ताईला फोन करून हळद मागवली. ताईनं दोन किलो पाठवली.

पुढच्या दिवाळीला ते तिघं इथे येणार आहेत, म्हणून ताईनं माळा आवरायला काढला. तिथे बाबांचा छर्ऱ्यांचा साचा, ती लोखंडी पळी आणि एका डालड्याच्या डब्यात मूठभर उरलेलं शिसं सापडलं. "भंगारवाल्याला देऊ का रे?" तिनं फोनवर विचारलं. मी नको म्हटलं. संध्याकाळी जाऊन तो डबा दोन पिशव्यांत बांधून आणला. सध्या तो दवाखान्यातल्या कपाटावर, सगळ्यात वर आहे. वर चिकटपट्टी लावून 'शिसं' असं लिहिलंय.